चार नंबरची खोली

लॉजची खोली बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी पंखा लावतो. जानेवारीचा गारवा असो, अंगात स्वेटर असो, पंखा लावायचाच. मग गादी दाबतो. मग नळ सोडून बघतो आणि तो तसाच अर्धवट ठेवतो. शेवटी खिडकीतून डोकावून विचारतो, "समुद्र दिसत नाही वाटतं?" खिडकीबाहेर शेजाऱ्याचा गोठा असतो, गोठ्यात म्हैस असते आणि ती त्याच्याकडेच बघत असते. तरी विचारतो. मी म्हणायचो, "नाही." मग तो म्हणतो, "बघतो, घरच्यांना विचारून सांगतो," आणि निघून जातो. पंखा चालू, नळ चालू.

रत्नागिरीतल्या एका लॉजवर सोळा वर्षं मॅनेजर म्हणून मी हे बघितलं. ऐंशीचं सगळं दशक त्यात गेलं. लॉजचं नाव लिहीत नाही, मालकांचे चिरंजीव अजून ते चालवतात आणि मला दिवाळीला फराळ पाठवतात. एस.टी. स्टँडवरून चालत सात-आठ मिनिटांवर, खाली ऑफिस, वर आठ खोल्या. चार पुढच्या, चार मागच्या. मागच्या खोल्यांना संडास-बाथरूम जवळ, पण गोठाही जवळ. पुढच्या खोल्यांना गॅलरी. त्यातल्या चार नंबरच्या गॅलरीतून माडांच्या शेंड्यांवरून मांडवीकडच्या समुद्राची एक निळी पट्टी दिसायची. पट्टीच, पण दिसायची. एक वेताची आरामखुर्चीही तिथे होती.

ही चार नंबर मी आपणहून कुणाला दाखवत नसे. हा धंद्यातला आमचा सगळ्यांचाच रिवाज. एक बरी खोली हातची राखून ठेवायची. ऐन वेळी एखादा साहेब टपकतो, एखादं गिऱ्हाईक भांडायला उठतं, त्याच्यासाठी. मागेल त्याला द्यायची, न मागणाऱ्याला ती आहे हेही सांगायचं नाही.

आता कुटुंब घेऊन गाव बघायला येणाऱ्या लोकांविषयी. यांची पद्धत ठरलेली. सगळं कुटुंब स्टँडवर सामानावर बसवायचं आणि एका पुरुषाला खोली बघायला पाठवायचं. तो बिचारा चार लॉजं हिंडतो, गाद्या दाबतो, पंखे लावतो. पण ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो. ठरवणारं माणूस मागे स्टँडवर बसलेलं असतं. ते खोली बघत नाही आणि बघणारा ठरवत नाही, अशी ही गंमत. त्यात आमचे तास न् तास जायचे. दुपारी बारा वाजता आलेलं कुटुंब चार वाजेपर्यंत "किल्ल्याच्या बाजूला बघू का?", "बंदराकडे स्वस्त असेल का?" करत स्टँडवरच वाळायचं. रत्नागिरी बघायला आले आणि स्टँड बघून गेले, असे लोकही मला माहीत आहेत.

कराडचे एक मास्तर मला कायमचे लक्षात आहेत. बायको आणि दोन मुलांना स्टँडवर बसवून ते लॉजं बघत निघाले. आमची सहा नंबरची खोली त्यांनी तीन वेळा पाहिली. दर वेळी "अजून एक बघून येतो" म्हणून गेले. दरम्यान त्यांची बायको कंटाळली, मुलांना घेऊन, ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन सरळ आमच्याकडे आली आणि म्हणाली, "कुठलीही द्या. नवरा मागून येतोय, तेव्हा नाव लिहा." मी सहा नंबर दिली. अर्ध्या तासाने मास्तर घामाघूम होऊन हजर. "ठरलं. तुमचीच सहा नंबर."

"ती गेली, मास्तर."

"गेली? मी तीन वेळा बघितली तेव्हा कुणाची नव्हती!"

"तेव्हा तुम्ही घेतली नाहीत."

ते असे काही चिडले! गिऱ्हाइकाची किंमत नाही, शब्दाची किंमत नाही, कोकणातली माणसंच अशी, वगैरे. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "अहो, भांडताय कुणाशी? वर या, चहा सांगितलाय." मास्तर वर गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अशा अनुभवांनी शहाणा होऊन मी एक युक्ती काढली. पुरुष खोली बघायला आला की त्याला खोली दाखवायचीच नाही. "चला, घरच्यांनाच भेटू," म्हणून त्याच्याबरोबर थेट स्टँडवर जायचं. तिथे गेलं की एका नजरेत ठरवणारं माणूस ओळखायचं. त्याची खूण सांगतो. खाण्याच्या डब्यांची पिशवी ज्याच्या मांडीवर, निर्णय त्याच्या हातात. कधी सासू, कधी सून, एकदा तर पंचविशीचा धाकटा दीर. पण पिशवीने मला कधी फसवलं नाही. त्या माणसाला काय हवंय तेवढं विचारायचं. संडास जवळ हवा, स्टोव्ह पेटवू द्याल का, गोडं पाणी आहे का, मासळीचा वास येतो का. पाच मिनिटांत काम फत्ते. या युक्तीचा मला भलता अभिमान होता. बाजारातले दुसरे लॉजवाले मला विचारायचे, "तुमच्याकडे गिऱ्हाईक एवढं पटकन कसं ठरतं हो?" मी नुसता हसायचो.

अशाच एका डिसेंबरात तासगावकडचं एक कुटुंब आलं. दोन भाऊ, दोघांच्या बायका, पाच पोरं आणि भावांची थोरली बहीण. थोरला भाऊ मला घेऊन स्टँडवर गेला. डब्यांची पिशवी थोरल्या वहिनींच्या मांडीवर. झालं. मी त्यांच्याशी बोलायला लागलो. त्यांना पोरांसाठी संडास जवळ हवा होता. मी मागच्या दोन खोल्या सांगितल्या. "गोठ्याचा वास येईल थोडा," असंही प्रामाणिकपणे सांगितलं. "येऊ द्या की, वासाचं काय, घरी पण म्हशी हायत आमच्या," वहिनी म्हणाल्या. व्यवहार संपला. बहीण बाजूला उभी होती. पन्नाशीच्या आसपासची, हातात फक्त एक पर्स. तिला मी मोजलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ब्रह्मदेशच्या राजाचा वाडा बघायला गेले. ही बहीण मागे राहिली. पाय दुखतोय म्हणाली. मी वर गेलो तेव्हा आमची येसूबाई चार नंबर झाडत होती आणि या बाई गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या.

"बसा हो, बसा," मी म्हटलं.

"ही खोली कुणाची आहे?"

"कुणाची नाही. रिकामी."

"काल पण रिकामी होती?"

"काल पण."

त्या पुन्हा समुद्राच्या पट्टीकडे बघायला लागल्या. मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं, म्हणून मी धंद्यातली गंमत सांगत बसलो. म्हटलं, "लॉजमधली खोली भरलेली आहे की नाही, हे रजिस्टर बघून कळत नाही, बाई. रस्त्यावरून गॅलरी बघायची. माणूस खोलीत शिरला की पहिल्या तासात काहीतरी वाळत घालतोच. टॉवेल, नाहीतर बनियन, काहीतरी. दोरी मोकळी म्हणजे खोली रिकामी." त्या हसल्या. मग आपणहून बोलायला लागल्या. तासगावजवळच्या एका गावी पोस्टात नोकरी. लग्न केलं नाही, भावांचं बघता बघता राहून गेलं. घरात त्यांच्याखेरीज नऊ माणसं. त्यांची निजायची जागा माजघरात, पुतण्यांच्या मधे. ही ट्रिप त्यांनीच ठरवली होती. भाऊ म्हणत होते कोल्हापूर करू, त्यांनी हट्टाने रत्नागिरी केलं, कारण समुद्र बघायचा होता.

"रात्री मागच्या खोलीत निजले तर डाव्या बाजूला दोघी, उजव्या बाजूला एक," त्या म्हणाल्या. "आणि समोर म्हैस. म्हटलं, हे सगळं घरी होतंच की."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. त्यांनी विचारलं, "मी पुन्हा आले तर ही खोली द्याल?"

"द्यायला काय! आधी एक जोडकार्ड टाका, म्हणजे राखून ठेवतो. चार नंबर, तुमच्या नावाने."

जोडकार्ड आजच्या लोकांना ठाऊक नसेल. दोन पोस्टकार्डं जोडलेली. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसरं कोरं, उत्तरासाठी, वर आपलाच पत्ता घातलेला. उत्तर देणाऱ्याने नुसतं फाडून पेटीत टाकायचं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचं जोडकार्ड आलं. पोस्टातल्या बाई, अक्षर छापल्यासारखं. 'आपण सांगितल्याप्रमाणे आगाऊ कळवीत आहे. येत्या रविवारी व सोमवारी खोली क्रमांक चार हवी आहे. माणसे एक.'

ते 'माणसे एक' मी तीनदा वाचलं.

आता इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी एकट्या बाईला लॉजमध्ये खोली देत नसत. आमच्याकडेच नव्हे, गावात कुठेच. पाटी वगैरे नव्हती, पण आधीच्या मॅनेजरने मला कामावर घेताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एकटी बाई, खोली नाही. नसती भानगड नको." पोलीस अधूनमधून रजिस्टर बघायला येत. रजिस्टरात 'कुटुंबप्रमुख' असा एक रकाना होता आणि त्यात बाईचं नाव मी कधी लिहिलं नव्हतं. कराडच्या मास्तरीणबाईंना खोली दिली ती मुलं बरोबर होती म्हणून, आणि तेव्हाही तो रकाना मास्तर येईपर्यंत मी कोरा ठेवला होता.

कार्ड मी दोन दिवस टेबलावरच्या काचेखाली ठेवलं. येसूबाईने विचारलं, "त्याच ना ह्या? खुर्चीतल्या बाई? येतायत?"

"एकट्या येतायत."

"मग?"

"मग काय? एकट्या बाईला खोली देत नाहीत."

येसूबाईने झाडू खाली ठेवला. "एकटो बापया येतो, दारू पिऊन गादीवर ओकतो. ता मी काढतंय. त्येका तुमी खोली देताव. ही बाई काय करील? खुर्चीत बसेल. बसून बसून खुर्ची झिजेल काय?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"नाय बाबा. आमाला कसा कळायचा," असं म्हणून ती गेली.

मला राग आला. तिचा, त्या बाईंचा, आणि 'द्यायला काय' म्हणून बसलेल्या स्वतःच्या जिभेचा. घरची नऊ माणसं सोडून ही बाई एकटी कशाला येते? निदान एखादी पुतणी तरी आणायची बरोबर! सगळ्यांची सोय झाली असती, माझीसुद्धा. त्या तिरीमिरीत मी कोरं कार्ड ओढलं आणि लिहिलं, 'खोली शिल्लक नाही. क्षमस्व.' खाली सही केली आणि पेटीत टाकून मोकळा झालो.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास त्या माझ्या टेबलासमोर उभ्या. खांद्याला एक पिशवी, हातात माझं कार्ड.

"तुमचं उत्तर मिळालं," त्या म्हणाल्या. "पण रजा मंजूर झाली होती. म्हटलं, तुमच्याकडे नसली तर दुसरीकडे असेल. तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी म्हणाले, सोबत कोण आहे? मग परत स्टँडकडे निघाले होते, तर तुमच्यावरून जाताना सहज वर बघितलं." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "दोरी मोकळी आहे."

मीच शिकवलेली विद्या माझ्यासमोर उभी होती. तरी तोंडाने बोलत राहिलो. मालकांचा नियम आहे, पोलीस आहेत, गावात चार तोंडं आहेत, तुमच्याच भल्यासाठी.

"त्या तिघांनी निदान तोंडावर सांगितलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही पोस्टाने खोटं सांगितलंत."

मग मला एकदम तोड सुचली. आणि ती सुचली याचा त्या क्षणी मला आनंदसुद्धा झाला, हे आता लिहिताना लाज वाटते. मी म्हटलं, "असं करा ना ताई, माझ्या घरी चला. जवळच आहे. माझं कुटुंब आहे, दोन मुली आहेत. संकोच करू नका. माजघरात मुलींच्या शेजारी मस्त जागा आहे. सोलकढी प्या, जेवा, दोन दिवस राहा. पैशांचं नाव काढू नका."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माजघरात मी तासगावला पण निजते," त्या म्हणाल्या. "मला खोली पाहिजे होती."

पिशवी सारखी करून त्या वळल्या. दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, "बंदर कुठल्या बाजूला?" मी हात करून दाखवलं. तेवढ्यात येसूबाई जिन्यातून खाली आली, त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि मला न विचारता म्हणाली, "मी सोडून येतंय बायेंका." कामाच्या वेळात ती कधी अशी गेली नव्हती. मी अडवलं नाही.

ती परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. "बंदरावर बसली दोन तास," ती म्हणाली. "मग साडेसहाच्या गाडीत बसवून दिली."

"काही म्हणाली का?"

"मला काय म्हणायची? म्हणाली, दोन दिवस जातंय म्हणून घरी भांडून निघालेली. आता त्याच दिवशी परत गेली तर सगळी हसतील." मग येसूबाई बादली घेऊन मागच्या खोल्यांकडे गेली. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

चार नंबर त्या रविवारी रिकामी राहिली आणि सोमवारीही. कुणी साहेब टपकला नाही, कुणी भांडलं नाही. सोमवारी संध्याकाळी मी वर जाऊन त्या खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पट्टी दिसत होती. पाच मिनिटं बसलो आणि उठलो.

यानंतर दोन-तीन वर्षांनी मालक लांज्याहून हिशेबाला आले होते. त्यांचा मूळ धंदा काजूचा, लॉजकडे ते महिन्यातून एकदा फिरकत. चहा घेताना मी धीर करून तो सगळा प्रकार सांगितला. नियम पाळला म्हणून शाबासकी मिळेल, अशीही थोडी आशा असावी. मालकांनी बशी खाली ठेवली.

"कसला नियम?"

"एकट्या बाईला खोली न द्यायचा. तुमचाच ना?"

"माझा? मी कधी सांगितलं तुला?"

"आधीचे मॅनेजर म्हणाले होते..."

"तो म्हातारा बायकांशी बोलायलाच घाबरायचा," मालक म्हणाले. "सरकारी नोकरीतली बाई, आधी कार्ड टाकून येते, आणि तू परत धाडलीस? द्यायचीस की. मला एक फोन करायचास."

फोन टेबलावरच होता. त्या रविवारीही तो तिथेच, माझ्या उजव्या हाताशी होता.

मी त्याच दिवशी दुसरं कार्ड आणलं, चार नंबर राखून ठेवली आहे, केव्हाही या, असं लिहिलं. पण पत्ता नव्हता; रजिस्टरात भावाच्या नावापुढे नुसतं 'तासगाव' होतं. जोडकार्डाची अशी रीत, की पाठवणाऱ्याचा पत्ता असतो तो उत्तराच्या कार्डावर. आणि त्यांनी पाठवलेलं पहिलं कार्ड मी तेव्हाच चुलीत घातलं होतं, कुणी बघू नये म्हणून. मग आठवलं. उत्तराचं कार्ड त्या टेबलावर ठेवून गेल्या होत्या. कपाट उपसलं तेव्हा जुन्या रजिस्टरात सापडलं. त्यांच्या छापल्यासारख्या अक्षरात त्यांचा पत्ता, आणि मागे माझ्या अक्षरात 'खोली शिल्लक नाही.'

पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ते धाकट्या भावाचं. अक्का मागच्या पावसाळ्यात गेली, असं त्याने लिहिलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं, की आम्ही सगळे मे महिन्यात रत्नागिरीला यायचं म्हणतोय, दोन खोल्या मिळतील का, आणि संडास जवळ आहे का.

सोळा वर्षं मी ठरवता न येणाऱ्या माणसांवर वैतागत राहिलो. नंबरासकट, वारासकट सगळं ठरवून आलेलं गिऱ्हाईक मला एकच मिळालं होतं. मी भावाला मागच्या दोन खोल्या दिल्या. त्या दोन दिवसांत चार नंबर मी कुणाला दिली नाही. सकाळी कुलूप काढून आत गेलो आणि गॅलरीच्या दोरीवर घरून आणलेला एक धुतलेला टॉवेल वाळत घातला.